दोनशे मिलिलिटर बर्फ

अंकिताबाईंच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे, आर्क्टिकचं दोनशे मिलिलिटर पाणी होतं.

जुलैत एका संशोधन मोहिमेबरोबर त्या तीन आठवडे तिकडे जाऊन आल्या होत्या. दिवसभर शास्त्रज्ञांना बर्फाचे नमुने मोजून द्यायचे आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, हे त्यांचं काम. निघताना मोहीमप्रमुखांनी उरलेल्या बर्फाची एक बाटली त्यांना दिली. शाळेतल्या आपल्या सातवी ब च्या त्रेचाळीस मुलांना त्यांनी जाण्यापूर्वी शब्दच दिला होता, "तिकडचा बर्फ आणीन. वितळलेला का होईना, तुम्ही स्वतः तपासाल."

बाटली दुसऱ्याच दिवशी शाळेत न्यायची होती. मुख्याध्यापक महेश्वर सर आडवे आले.

"असं कसं मॅडम? साहेबांच्या हस्ते उघडायची की!"

"सर, पाणी आहे ते. झाकण फिरवलं की उघडतं."

"फिरवू दे की साहेबांना. झाकणाला फीत बांधू."

शिक्षण खात्यातल्या साहेबांची तारीख तीनदा पुढे गेली. शाळेत फ्रिज नव्हता, म्हणून बाटली घरीच राहिली. ऑगस्ट अर्धा सरला तेव्हा साहेब आले.

प्रयोग साधा होता. एका परीक्षानळीत सोलापूरच्या नळाचं पाणी, दुसरीत आर्क्टिकचं. दोन्हींत साबणाचे तेवढेच थेंब टाकून हलवायचं. नळाच्या जड पाण्याला फेस जेमतेम येणार, बर्फाच्या पाण्याला भरभरून.

साहेबांनी फीत कापली, झाकण फिरवलं. पहिल्याच बाकावरच्या आफरीनने नाक वर केलं. अंकिताबाईंनाही वास आला. पाणी आलेल्या दिवशी घराघरात येतो, तोच ब्लीचिंग पावडरीचा वास. त्यांचा हात थबकला, पण साहेब घड्याळाकडे बघत होते. अंकिताबाईंनी दोन्ही नळ्या भरल्या, साबणाचे थेंब टाकले आणि हलवल्या.

दोन्हींत सारखाच फेस. करंगळीच्या पेराएवढाही नाही.

साहेबांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या.

"वा! म्हणजे सोलापूरचं पाणी आर्क्टिकच्या बर्फाइतकंच शुद्ध आहे!"

"लिहून घ्या रे पोरांनो!" महेश्वर सर ओरडले आणि टाळ्या वाजवू लागले. अंकिताबाईंनी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण वाजवा की." आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

घरी सासूबाई, मथुराबाई, शेंगा सोलत बसल्या होत्या.

"आई, फ्रिजमधल्या माझ्या बाटलीतलं पाणी…"

"बदललं की काल! पाच दिसांनी पानी आलं. समदी भांडी घासली, शिळं काढलं, ताजं भरलं. म्हनलं, त्यात तुजी बी बाटली घ्यावी."

"तिच्यावर चिठ्ठी होती, आई."

"हुती की! म्हनून तर ध्यानात आलं. सात जुलै! महिना उलटून गेला गं. कुनाच्या पोटात गेलं असतं म्हंजी?"

अंकिताबाईंनी चिठ्ठीवर अक्षांश, रेखांश, तापमान, वेळ आणि तारीख न पुसणाऱ्या शाईने लिहिली होती. 'ओतू नये' एवढं मात्र लिहिलं नव्हतं.

"मग… त्या पाण्याचं काय केलं?"

"पानी वाया घालवीन व्हय मी? उंबरा पुसला त्यानं." मथुराबाईंचा हात थांबला. "का गं? लागनार हुतं?"

तीन आठवडे या बाईने एकटीने घर सांभाळलं, म्हणून अंकिताबाई तिकडे जाऊ शकल्या होत्या.

"नाही आई. शिळंच झालं होतं."

त्या संध्याकाळी दळण आणायला निघताना मात्र त्यांनी उंबऱ्यावरून पाय जरा जास्तच उंच उचलला.

सकाळी मुलांना खरं सांगायचं ठरवून त्या वर्गात गेल्या. टेबलावर प्रयोगवह्यांचा गठ्ठा तयार होता. वरची वही आफरीनची. 'निरीक्षण : दोन्ही नळ्यांत फेस सारखाच. बाटलीला नळाचा वास. अनुमान : दोन्ही पाणी नळाचं.' दुसऱ्या वहीतही तेच. तिसऱ्याही.

"आफरीन, काल बोलली का नाहीस?"

"तुमी टाळ्या वाजवत होता, टीचर. तुमाला वाईट वाटंल म्हणून कुणीच बोललो नाही."

बेचाळीस वह्यांत नळाचं पाणी होतं. एकट्या अल्तमशने लिहिलं होतं, 'अनुमान : सोलापूरचं पाणी बर्फाइतकं शुद्ध. कारण : साहेब म्हणाले.'

अंकिताबाईंनी त्याचे दोन गुण कापायला लाल पेन टेकवलं. पण काल टाळ्या वाजवताना त्यांच्याकडे तरी दुसरं कारण कुठे होतं?

मग त्यांनी त्याला पूर्ण गुण दिले, पेनाला टोपण लावलं आणि वर्गाला सांगायला उभ्या राहिल्या.