रशीदचाचांचे ब्रेक

आमच्या शेजारचे रशीदचाचा बहुतेक वेळ गाडीखालून बोलतात. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा मला त्यांचे पाय जास्त ओळखीचे आहेत. पाय हलत असले की चाचा खुशीत. अंगठे ताठ झाले की समजायचं, नट सटकला. सकाळी मी त्या पायांनाच चहाचं विचारते आणि पायच नको म्हणतात.

ही गाडी म्हणजे चाकांवरचं घर आहे. आत पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, खिडक्यांना पडदे. कुणी गोरा साहेब ती कधीकाळी विलायतेहून रस्त्यानं घेऊन आला आणि इथंच टाकून गेला. कुवेतहून परतल्यावर चाचांनी ती भंगारवाल्याच्या तावडीतून सोडवली. तेव्हापासून ती पनवेलला आमच्या गल्लीत उभी होती. ब्रेकचे पाइप पार गंजलेले, आणि नवे मिळेनात, कारण ती बनवणारी कंपनीच बंद पडलीय.

बरं, नसतील मिळत तर राहू द्या ना! पण खैरूनचाची, म्हणजे चाचांची बायको, पाठीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. तिला उरणजवळच्या करंज्याला माहेरचा समुद्र बघायचा होता. बसून प्रवास जमत नाही आणि अँब्युलन्सला तिनं साफ नकार दिला. अँब्युलन्स बघितली तर सगळं करंजा रडत बाहेर येईल, म्हणाली. तुमच्या गाडीत पलंग आहे, त्यावरूनच न्या. झालं, चाचा त्याच दिवशी गाडीखाली शिरले.

फ्रिज दुरुस्त करणारा तांब्याची नळी वाकवून द्यायला तयार होता. कुणी शिळी मच्छी गळ्यात मारत असावं तसं चाचांनी त्या नळीकडे बघितलं. उलव्याला डंपरवाल्यांकडे मिळालेल्या पाइपचे आटे जुळेनात. द्रोणागिरीच्या ट्रकवाल्यांकडचे आटे जुळले, तर पाइप आखूड. शेवटी एका लेथवाल्याच्या डोक्यावर बसून हवे तसे आटे पाडून घेतले. तरी मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "मिळाला, पण तसल्ली नाही झाली."

पाइप बसले की त्यातली हवा काढायची असते म्हणे, आणि त्याला दोन माणसं लागतात. एकानं खाली निपल, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, सैल करायचं, दुसऱ्यानं वर पेडल दाबायचं. दुसरं माणूस मी. मला साधी स्कूटी येत नाही, पण ऐकतंय कोण? खालून हुकूम यायचा, दाबा, धरा, सोडा, आणि मी मुकाट दाबत, धरत, सोडत बसायची. काय चाललंय ते देवाला ठाऊक. एकदा ऐन "धरा"च्या वेळी घरात कुकरची शिट्टी झाली आणि मी पाय उचलून पळाले. काढलेली सगळी हवा परत आत! चाचांचे अंगठे ताठ.

अखेर ब्रेक लागले. गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन गपकन थांबली आणि मी टाळ्या वाजवल्या. चाचांनी सगळं पुन्हा खोललं. अहो, थांबली ना? थांबली, पण झटका दिला, म्हणाले, खैरूनच्या पाठीला सोसायचा नाही. मी कपाळावर हात मारला.

एकदाचे निघालो. मी मागे चाचीजवळ पलंगावर बसले. चाचा इतके हळू चालवत होते की सायकलवाले पुढे जात होते आणि कंटेनरवाले हॉर्न मारून मारून थकले. मी म्हटलं, चाची, आता पोटभर समुद्र बघा.

चाचीनं एकदा चाचांच्या पाठीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "समुद्र काय, लहानपणापासून बघितलाय गं. मला कुठं जायचंच नव्हतं. हे दिवसभर माझ्या उशाशी बसून रडायचे. जेवायचे नाहीत, कुणाशी बोलायचे नाहीत. मला बघवेना. काहीतरी काम लावायला नको का?"

हसू की रडू कळेना, मी उगाच तिची चादर नीट करत बसले.

करंज्याला बंदराच्या अलीकडे गाडी अशी थांबली की थांबल्याचं कळलंसुद्धा नाही. चाचा मागे आले, चाचीच्या पायाशी बसले आणि घाबरत विचारलं, झटका लागला का कुठं?

चाचीनं थोडा विचार केल्यासारखं केलं. "त्या उरणच्या वळणावर. थोडासाच."

"मला वाटलंच," चाचा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला! "उद्या सकाळीच खोलतो."

कसला झटका न कसलं काय, मी तिच्या शेजारीच तर बसले होते. चाचांनी माझ्याकडे बघितलं.

"मलाही लागला, चाचा," मी म्हटलं. "उद्या किती वाजता येऊ?"