गुरुवारचं दुखणं

सरकारी दवाखान्याच्या रांगेत माणूस सख्ख्या भावालाही पुढे जाऊ देत नाही. डहाणूच्या एका दवाखान्यात मी बारा वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसतो आहे, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकतो. पण आगर गावच्या जमनाबाई आपला नंबर पुकारला की उठतच नसत. शेजारच्या माणसाकडे हात करून म्हणत, "तुमी व्हा फुडं. माजी घाई नाय."

उधव्याहून दोन गाड्या बदलून आलेला म्हातारा पुढे, वाणगावची लेकुरवाळी पुढे, नुसतं सर्टिफिकेट हवं असलेले मास्तरही पुढे. दुपारी ओपीडी बंद व्हायला आली की बाई पदर झटकून उठत आणि डॉक्टरांचं तोंडही न बघता चालू लागत. पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर!

मासळी बाजारात त्यांच्याशी गाठ पडलेल्या माणसाचा यावर विश्वास बसणार नाही. तिथे गिऱ्हाइकाने पापलेट दोनदा उलटंपालटं केलं की, "घेयाचं तर घ्या, त्याच्याशी लगीन नाय लावायचं!" असं ऐकावं लागतं. मी स्वतः ऐकलं आहे, तेही बायकोसमोर.

"तक्रार काय?" मी पेन सरसावून विचारायचो.

"मागल्या टायमाला काय लिवलंवतं?"

"कंबर."

"मंग आज डोकं लिवा."

मी मुळात चिडका माणूस. खोटं लिहिण्याचा पगार मला मिळत नाही. एकदा न राहवून विचारलं, "बाई, तुमचं दुखणं बरोबर गुरुवार बघून कसं येतं?"

शिळा बांगडा बघावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गुरुवारी लोकं मासं खात नाय, भाऊ. बाजार थंडा असते. मंग काय रविवारी आजारी पडू?"

"मग घरी पडा की जरा."

"घरी?" त्या हसल्या. "घरी मी बसली का सगल्यांना तहान लागते. सासूला चाय पायजे, पोरांचा डबा, सुकत घातलेलं म्हावरं उलटायचं. नवरा तर दर्यावर. पन दवाखान्यात गेली म्हटलं का कोन काय बोलत नाय."

त्या दिवसापासून मी मुकाट्याने लिहू लागलो. कंबर, डोकं, गुडघे, डोळे, आणि एकदा काही सुचेना म्हणून छातीत धडधड.

माझ्या खिडकीतून कोपऱ्यातला बाक दिसतो. तिथे बाई चपला काढून बसत. कमरेची डबी काढून बर्फाने आणि कोयत्याने फाटलेल्या बोटांना एकेक करून खोबरेल लावत. मग एक चिकू सोलून खात, इतका सावकाश की पोरांच्या आईला अख्खं फळ एकटीने खायची सवय नसते हे लगेच कळावं. त्यानंतर भिंतीला डोकं टेकून झोप. त्या बाकावर दुसरं कोणी बसलेलं मला खपेनासं झालं.

मग एका गुरुवारी मी खिडकी उघडली, तर समोर एक आडदांड माणूस उभा. डोळे तांबारलेले. त्याने खिडकीतून कागदांचा गठ्ठा आत सरकवला. सुक्या जवळ्याचा भपकारा आला. सगळे केसपेपर, आणि सगळे माझ्या अक्षरात.

"मी दामू. जमनेचा घो. जवल्याच्या डब्यात घावले हे."

मी गठ्ठा घाईने उलटा करून ठेवला.

"शेजाऱ्याकडना वाचून घेतले. कंबर, डोकं, गुडघं, डोले, छाती. एका बाईला येवढं?" तो खिडकीत वाकला. आवाज एकदम खाली आला. "आनि खाली डाक्टरनं कायच लिवलं नाय. सगले कोरे. म्हंजे यावर औषदच नाय ना?"

मागे रांग ओरडायला लागली होती. त्याला ते ऐकूही येत नव्हतं.

"तीन रात्री डोल्याला डोला नाय. बोट आज मला टाकून गेली. खरं सांगा भाऊ, किती दिस हायत तिचे?"

खरं सांगावं, तर संध्याकाळपर्यंत सासूला कळणार आणि बाईंचा गुरुवार कायमचा जाणार. न सांगावं, तर हा माणूस इथेच खाली बसणार. मी भित्र्यासारखा म्हणालो, "डॉक्टरांना विचारा."

तेवढ्यात फाटकातून जमनाबाई आल्या. नवरा दिसला, गठ्ठा दिसला, आणि त्या जागीच थांबल्या. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली. मी काही बोललो नव्हतो.

"मला का नाय सांगितलंस?" दामू म्हणाला.

बाजार दणाणून सोडणारी बाई इतकं हळू बोलली की मला कान द्यावा लागला. "मला काय नाय झालं. मी हितं बसायला येते."

"बसायला?"

"बसायला."

"घरी जागा नाय?"

"जागा हाय. बसू कोन देते?"

दामूने त्यांच्या फाटलेल्या बोटांकडे बघितलं. मग कागद गोळा करून निघाला. मागोमाग बाईही, केसपेपर न काढताच.

पुढच्या गुरुवारी बाईंचा पत्ता नव्हता. त्यांच्या बाकावर भलताच कोणी पाय पसरून बसला होता. मी उगाच त्याच्यावर खेकसलो. संपलं, घरात सगळ्यांना कळलं, असं मनात येत राहिलं. फार वाईट वाटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी खिडकी उघडली, तर रांगेत पहिला दामू.

"जमनेचा केसपेपर द्या."

"काय झालं त्यांना?"

"काय नाय. मागना येते." त्याने आजूबाजूला बघून आवाज लहान केला. "आयेला सांगितलंय, डाक्टरनं दर गुरुवारी बोलवलंय म्हनून. तवा कायतरी भारी लिवा."

मी कंबर लिहिली. कंबर कधी वाया जात नाही. केसपेपरवर पहिला नंबर टाकला आणि त्याच्या हातात दिला.

त्याने आकडा बघितला आणि कागद परत आत सरकवला.

"हा नको, भाऊ. शेवटला द्या."