वाळके सरांचा फळा

आमच्या घुग्घुसला गाडी जरा उभी ठेवली की पेट्रोलच्या टाकीवर कोळशाची काळी धूळ बसते. लोक ती फडक्यानं पुसतात. वाळके सर तिच्यावर बोटानं समीकरण लिहितात.

माझं दुचाकी दुरुस्तीचं दुकान त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे सरांना फळ्यांची ददात नाही. खाणीतली ड्यूटी संपवून गिऱ्हाईक येतं, टाकी बघतं आणि विचारतं, "सलीमभाऊ, हे काऊन लिहून ठेवलं?" मी म्हणतो, "सर्व्हिसिंगमधी येते." दुसरं काय सांगणार? सर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झाले, पण शिकवायची खाज काही गेली नाही.

एकदा मीच सरांना विचारून बसलो, हे लिहिता तरी काय. झालं, पंक्चर राहिलं बाजूला, सरांनी मलाच उलट विचारलं.

"मोपेडचा क्लच ट्रकले चालते काय?"

"नाई चालत."

"मंग! हळू चालनाऱ्या कणाच्या लाटेचं समीकरण उजेडाच्या जोडीनं पळनाऱ्याले कसं चालन?"

तेव्हापासून मलाही नाद लागला.

या लाटेवरून सरांच्या घरात जन्माचं भांडण. सरांचं एकच मोठं समीकरण. त्यांच्या बायको, आम्ही त्यांना बाईच म्हणतो, गणित शिकवायच्या. त्या त्याचीच एकमेकांत गुंतलेली दोन लहान समीकरणं करायच्या. "उत्तर सारखंच येते," सर कुरकुरायचे, "पन तिची मांडणी पाहून डोस्कं फिरते." सर कुठे चुकले तर बाई हाताचं पीठ न धुता चूक सांगायला बाहेर यायच्या.

यंदा बाईंना लकवा मारला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, सांगता येत नाही. सर मात्र रोज संध्याकाळी माझ्याकडची सगळ्यात मळकी गाडी निवडतात, बाईंच्या खिडकीसमोर लावायला सांगतात आणि टाकीवर लिहितात. मला वाटायचं, म्हातारा काही सुधारत नाही.

काल गाडी आणायला गेलो. बाई खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. टाकीवरच्या समीकरणात काळाचं पद आणि जागेचं पद यांच्या मधे सरांनी अधिक टाकला होता. तिथे वजा लागतो, नाहीतर लाट चालतच नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"सर, इथी चुकलं..."

सरांनी माझा दंड घट्ट धरला.

"तू नोको सांगू," ते हळूच म्हणाले. "तिले सांगू दे."

बाई टाकीकडे रागानं बघत होत्या, आणि सर त्यांच्या ओठांकडे.