तरसाचं जेवण

आफ्रिकेतल्या वन्यजीवांवरच्या मालिकेचा पहिला भाग पाच वाजेपर्यंत पाठवायचा होता, आणि जावयाकडे मुक्कामाला आलेले सासरे पावणेचारला दुपारच्या झोपेतून उठले.

लांबच्या प्राण्याचं चित्र कॅमेऱ्यात येतं, आवाज येत नाही. तो मागाहून तयार करावा लागतो, आणि जावयाचं काम तेच. खिडकीला गादी टेकवून त्याने आठवडाभर झोपायच्या खोलीत जंगल वसवलं होतं. ओले टॉवेल टबात आपटून पाणघोडा चिखलात लोळवला, छत्री उघडझाप करून गिधाडं उडवली. राहिलं होतं एक तरस. त्याने हाडं फोडायची होती. पण गाजरं मोडून निघणारा आवाज काही केल्या गाजराचाच वाटत होता. सहा महिन्यांत दुसरं काम आलं नव्हतं, आणि हा भाग पसंत पडला तरच पुढचे पाच मिळणार होते.

"बाबांना सांग ना, तासभर शांत बसा म्हणून," तो बायकोला म्हणाला.

"तूच सांग. तुझे सासरे आहेत."

"तुझे वडील आहेत."

"म्हणूनच. माझं कधी ऐकलंय त्यांनी?"

कसं सांगायचं या विचारात दहा मिनिटं गेली. शेवटी माइक तसाच चालू ठेवून त्याने दार उघडलं. सासरे दारालगतच खुर्ची टाकून चहा घेत होते. सोबत कडक टोस्ट, तोही न बुडवता. तो दोन मिनिटं उंबऱ्यात नुसताच उभा राहिला.

"बाबा, जरा..."

"काही हवंय का, जावईबापू?"

"नाही, नाही. चालू द्या तुमचं."

दार लावून त्याने उरलेली गाजरं मोडली, घाईघाईत सगळं जुळवलं आणि पाचला दोन मिनिटं असताना भाग पाठवून दिला. मग हेडफोन लावून निवांत ऐकायला बसला. तरस हाड फोडत होतं, पण ते गाजर नव्हतं. घाईत त्याने दार उघडं असतानाचा तुकडा लावला होता. हाड संपल्यावर तरसाने चहाचा एक लांबलचक भुरकाही मारला होता.

तो फोन उचलणार तोच दिग्दर्शकाचा फोन आला.

"ते तरस कसं केलंस?"

"सर, तेच सांगणार होतो. माझ्या हातून..."

"हात लावू नकोस त्याला. शेवटी ते रक्त ओढतं ना, तिथे काटा आला अंगावर. पुढचे पाचही तूच कर."

जावई बाहेर आला. सासऱ्यांचा कप भरला आणि सगळं खरं सांगून टाकलं. "बाबा, तुमच्यामुळे घरात काम आलं. कसे आभार मानू, कळत नाही."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"तरस?"

"हो."

"सिंह नाही?"

"सिंह या भागात झोपलेलाच आहे, बाबा."

"हं." त्यांनी चहा संपवला. "आणि पुढच्या भागात कोण?"

"जिराफ. कोवळा पाला खातो."

सासरे उठले, स्वयंपाकघरातून पाण्याची वाटी घेऊन आले, तोंडातली कवळी काढून तीत ठेवली आणि झोपायच्या खोलीत जाऊन माइकसमोर बसले.