रुमालाखालची वस्तू

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला, तेव्हा जावई मार्तंडराव बायकोमुलांना न्यायला आले. दुपारच्या एसटीने सगळे बुलढाण्याला परततील, असा शब्द नारायणराव गुरुजींनी यंदा व्याह्यांना दिला होता. मागच्या आखाजीला त्यांच्या पत्नी सत्यभामाबाईंनी 'एवढा वाटीभर रस घेऊन जा' म्हणत लेकीची गाडी चुकवली. जावयाला साहेबाची बोलणी खावी लागली आणि व्याह्यांनी एका लग्नाच्या पंगतीत चार लोकांसमोर विचारलं, "काहो मास्तर, तुमच्या घरी घड्याळ नसते काय?"

गुरुजींना ते फार लागलं. त्यांनी त्याच महिन्यात भिंतीवरचं घड्याळ आणलं. त्याची दोन कानांची चावी ते स्वतःच्या खिशात ठेवत आणि रोज दिवेलागणीला स्वतः भरत; एक दिवस चुकला तर घड्याळ बंद पडे. या सुट्टीत मात्र नात सुलभाला कडेवर उचलून तिच्याकडून भरवीत.

जेवणं झाली. बैलगाडी जुंपायला अवकाश होता. गुरुजींना पोरं नुसती बसलेली बघवत नसत. त्यांनी रुमाल पसरला आणि नातवंडांना खेळ सांगितला. एका पक्षाने रुमालाखाली वस्तू ठेवायची, दुसऱ्याने नुसत्या स्पर्शाने ओळखायची. म्हाताऱ्यांनी जुनी ठेवावी, पोरांनी नवी. नियम एकच, वस्तू याच घरातली पाहिजे.

पहिला डाव म्हाताऱ्यांनी अधोलीवर मारला. शाळेत किलोग्रॅम शिकणाऱ्या पोरांनी ते धान्याचं माप फुलदाणी ठरवलं. मग पोरांची पाळी आली. गुरुजींच्या हाताला काहीतरी बारीक, लिबलिबीत लागलं. त्यांना उमजेना. त्यांचे धाकटे भाऊ तुळशीराम यांनी हात घातला आणि झटकन ओढला.

"पालीची शेपटी हाये बे हे!"

पोरं हसून लोळली. ती सायकलच्या चाकातली वॉल्वट्यूब होती. तुळशीरामांना खरं वाटेना. त्यांनी ती ताणून पाहिली, आणि ती तुटली.

गुरुजींचा चेहरा उतरला. घरात सायकल एकच, त्यांची. तिच्यावर बसून मार्तंडराव पुढे जाणार आणि बैलगाडी पोचेपर्यंत एसटी थांबवून धरणार, असं ठरलं होतं. मार्तंडराव मात्र सासऱ्यांना शांतपणे म्हणाले, "राहू द्या मामा, गाडीतच बसतो मी."

तुळशीराम बैल आणायला गेले. इतका वेळ भांडी आवरत असलेल्या सत्यभामाबाई पदराला हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "एक डाव माहा." रुमालाखाली काहीतरी जड, लोखंडी होतं. सुलभाने खुंटी सांगितली, बाकीच्यांनी मुसळापासून चिमट्यापर्यंत सगळं सांगून पाहिलं. बाईंनी रुमाल उचलला. "चाकाची खीळ हाये."

म्हाताऱ्यांची अब्रू राहिली, म्हणून गुरुजी खूश झाले. माळ्यावरची एखादी जुनी खीळ असेल, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात अंगणात धाडकन आवाज झाला. रिकामी गाडी दारापर्यंत आणताना एक चाक आसातून निसटलं होतं, आणि तुळशीराम बैलांना सोडून चाकाकडे पाहत उभे होते.

"अहो, ते खीळ आपल्या गाडीची होती काय?" गुरुजींनी विचारलं.

"घरातलीच वस्तू पाह्यजे, हे तुमीच म्हणाले. गाडी काय शेजाऱ्याची हाये?"

"मंग द्या ना ते इकडं."

"इथंच तं ठेवली होती."

शोधाशोध सुरू झाली. सत्यभामाबाईंनी डब्यात पाहिलं, उतरंडीत पाहिलं, दह्याच्या गाडग्यातसुद्धा डोकावून पाहिलं. गुरुजी घड्याळाखाली येरझारा घालत होते. सडकेच्या बाजूला धुळीचा लोट उठला, पुढे सरकला आणि विरला. एसटी गेली. त्यानंतर थोड्याच वेळात खीळ बाईंच्या कनवटीला सापडली.

"मेलं ध्यानच राह्यत नाही," त्या म्हणाल्या आणि आंबे पिळायला बसल्या.

संध्याकाळी गुरुजींनी सुलभाला जवळ घेतलं. रागावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण शिकवल्याशिवाय राहवत नव्हतं. दुसऱ्याच्या सायकलला विचारल्याशिवाय हात लावू नये, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"आम्ही नाही लावला, आबा," सुलभा म्हणाली. "बाबांनीच काढून दिली. म्हणाले, हे आबांले येनार नाही."

समोर मार्तंडरावांनी रसाच्या वाटीत तोंड खुपसलं. लेक शैलजा वडिलांकडे न बघता कुरड्या तळत राहिली. गुरुजींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. सगळ्या वर्गाने मिळून कॉपी केली होती, आणि पहाऱ्यावर एकटे मास्तर.

उद्या सकाळची एसटी होती. दिवे लागले तशी सुलभा घड्याळाखाली जाऊन हात वर करून उभी राहिली. गुरुजींनी तिला उचललं नाही. त्यांनी खिशात हात घातला, मग रुमाल पसरला आणि खाली काहीतरी सरकवलं.

"शेवटचा डाव. ओळख."

सुलभाने हात आत घातला. दोन चपटे कान तिच्या बोटांना लगेच लागले. तिने भिंतीकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, आणि हात बाहेर काढला.

"नाही ओळखू येत, आबा."

"सावकाश सांग," गुरुजी म्हणाले. "घाई नाही."