सर्जाकाकांचं पालथं घड्याळ

अन्याय सर्जाकाकांवर झाला. सोमवारी सकाळी नऊ वाजता, शहरातल्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीच्या दारात. नर्सबाईंनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ काढलं आणि "काका, हे पाऊण तास पुढं आहे की!" असं म्हणून वेळ नीट लावायला घेतली.

यात अन्याय कसला, असं विचारणाऱ्यांनी काका पाहिलेले नाहीत.

काका आमच्या गल्लीतले. उद्यमनगरात त्यांचं लेथचं वर्कशॉप होतं. ते विकलं तेव्हा हौसेनं एक भारीतलं परदेशी घड्याळ घेतलं. सेलचं नव्हे, हात हलला की आपोआप भरणारं. आणि पहिल्या दिवसापासून ते पालथं बांधलं. तबकडी कातडीला, पाठ जगाला.

"काका, किती वाजले?" असं कुणी विचारलं की मनगट थेट त्याच्या नाकासमोर. "वेळ मोबाइलात बघ की मर्दा! हितं काम बघ, काम!"

बघावंच लागतं. पाठीलाही काच आहे आणि आत अख्खा कारखाना उघडा. यंत्राच्या धातूच्या पट्ट्यांवर उसाच्या सऱ्यांसारख्या सरळ रेघा. प्रत्येक कड हातानं घासून आरसा केलेली. स्क्रू निळे. "रंग न्हाय त्यो! तापवून निळा आणलाय. जरा ज्यादा तापला की फेकून द्यायचा." केसाएवढी स्प्रिंग श्वास घेतल्यासारखी फुगते, मिटते. "आणि ह्यो सगळा नट्टापट्टा कुठं, तर आतल्या अंगाला! आमच्या लेथवर जन्मात असली कड निघाली न्हाय. एकदा बी न्हाय!" इतक्या आनंदानं हार मान्य करणारा माणूस मी अजून एकाही निवडणुकीत पाहिलेला नाही.

त्या यंत्रात अर्ध्या चंद्रासारखं सोन्याचं एक वजन आहे. हात हलला की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते. काढून ठेवलं तर दीडेक दिवसात बंद. म्हणून काकांचा डावा हात कधी थांबत नाही. बोलताना हलतो, देवळात हलतो, दुसऱ्याच्या मयतीलासुद्धा हलतो. रिक्षा आपोआप थांबतात. एकदा मार्केट यार्डात ते गुळाच्या सौद्याजवळ नुसते उभे होते, तर अडत्यानं हाताला बोली समजून एक थप्पी त्यांच्या नावावर केली. आमची गल्ली दिवाळीपर्यंत गुळाचा चहा पीत होती. पुण्याच्या लेकानं घड्याळ फिरवत ठेवणारी विजेची डबी पाठवली. काका तिच्यात सुपारी ठेवतात.

आता त्यांना हर्निया झाला. डॉक्टर म्हणाले, लांबवू नका, अडकला तर जिवावर बेतेल. काका तयार झाले, दाखल झाले. आणि दारातच तो प्रकार घडला. वेळ लावायच्या बटणावर काकांनी आधीच लाख ओतून ठेवली होती, म्हणून काटे वाचले. काका स्ट्रेचरवरून उतरले, घड्याळ हिसकावलं आणि हिरव्या झग्यात, पाठीमागच्या नाड्या सुटलेल्या, तडक रस्त्यावर आले. हात हलवत. रिक्षा थांबलीच.

माझं डोकं फिरलं. आमच्या संघटनेच्या नावानं रुग्णाच्या हक्कांवर पत्रक लिहिलं आणि सहीसाठी काकांकडं गेलो. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द तर मी उभं राहून वाचले.

"बस खाली, नेते," काका म्हणाले. "त्या पोरीचं काय चुकलं? चुकीची वेळ दिसली, नीट कराय गेली. फाड ते."

"मग तुम्ही चुकीची ठेवता कशाला?"

काकांचा हात थांबला. थांबलेला तो हात मी पहिल्यांदाच पाहिला.

"तुझी काकी लावून गेलीया की रं."

शालनकाकी शिरोळच्या. नदीकाठचं माणूस, पाणी चढायच्या आधी निघायची लहानपणापासूनची सवय. त्यांच्या घरातलं प्रत्येक घड्याळ पाव तास पुढं. हेही त्यांनीच निवडलं. "साडीची उलटी बाजू बघत्यात तसं तिनं दुकानात पालथं करून बघितलं. म्हणली, न दिसणारी बाजू असली केलीया, म्हंजे माणसं खरी हायत. घ्या." पुढं कधीमधी वेळही काकीच लावायच्या. शेवटची लावली ती दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. त्या परत आल्या नाहीत. घड्याळ मात्र रोज थोडं थोडं पुढं पळत राहिलं. पाव तासाचा पाऊण झाला.

"बंद पडलं की कोणतरी नवी वेळ लावणार," काका म्हणाले. "मग ती माझी वेळ झाली की. तिची कुठं ऱ्हायली?"

"पण ऑपरेशन?"

"घड्याळ कुणाच्या हातावर ठिवू, सांग. मग कापू देत हवं तेवढं." मग त्यांनी माझ्या हाताकडं बोट केलं. "तुझा हात मोर्चात लई हालतो. आजपतोर त्याचा कुणाला उपयोग झाला न्हाय."

आणि माझ्या मनगटावर त्यांनी ते स्वतः बांधलं. पालथं.

बुधवारी ऑपरेशन झालं. दुपारी गुंगी उतरली तेव्हा पुण्याचा लेक उशाशी होता. काकांनी माझं मनगट चाचपलं.

"सरळ कर. तिचं किती वाजलं?"

भिंतीवर साडेचार वाजले होते. मी घड्याळ सरळ केलं. "सव्वापाच."

"चहा टाकला असंल," म्हणाले आणि परत झोपले.

आता मुद्द्याचं. काकांचे टाके ओले आहेत. आठवडाभर हातवारे बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. शुक्रवारी आमच्या संघटनेचं मूक धरणं आहे. दिवसभर तोंडाला काळी पट्टी, हात मांडीवर. आधीची आणि नंतरची रात्र धरली तर घड्याळाचा दीड दिवस तिथंच संपतो. सगळे कार्यकर्ते तिथंच बसणार. तेव्हा शुक्रवारी मला तुमचा डावा हात पाहिजे. सहानुभूती नको, पाठिंब्याचं पत्र नको. सकाळी या, घड्याळ बांधून घ्या, दिवसभर आपापली कामं करा. संध्याकाळी ते काकांना नेऊन दाखवा, तिथून मी परत बांधून घेईन. ते विचारतीलच. घड्याळ सरळ करा आणि त्यात जेवढे वाजले असतील तेवढेच सांगा.