दाढेचं गाऱ्हाणं

ईशाची दाढ चिरली ती कुर्लीच्या डेंग्याने. डेंगा म्हणजे कुर्लीची, खेकड्याची, पुढची जाड नांगी. ती फोडायला शेजारी खलबत्ता होता, पण दहावीत गेलेल्या ईशाला खलबत्ता म्हणजे म्हाताऱ्यांचं काम वाटायचं. मग आठ दिवस ती गाल धरून बसली, आणि शेवटी तेजस्वीने लेकीला रत्नागिरीत डॉक्टरबाई अक्षयांच्या दवाखान्यात आणलं. बरोबर पूर्णगडाहून आलेले भागोजी आजोबाही होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"रूट कॅनल म्हणजे काही भयंकर नसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हिरडीत इंजेक्शन, तेवढं जरा टोचेल. मग आतली खराब नस काढायची, पोकळी साफ करून भरायची. तासाभराचं काम. ओठ दोन-तीन तास बधिर राहील. कॅप पुढच्या खेपेला."

"आज आईने कुर्ल्या केल्यात," ईशाने मुद्द्याचं विचारलं. "मी खाऊ शकते?"

"बधिरपणा गेला की मऊ भात, सार आणि सोललेला गर, दुसऱ्या बाजूने. डेंगे फोडायचे नाहीत."

एवढ्या आश्वासनावर ईशा हसत खुर्चीत जाऊन बसली. आठ दिवस पेज पिऊन ती कंटाळली होती.

बाहेर बाकावर मात्र नस काढणार म्हटल्यावर भागोजींच्या तोंडचं पाणी पळालं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस तो, पण नात त्यांचा जीव की प्राण होती. "तेजस्वी, नस काढतायत गो पोरीची. आनि देवाला सांगलंस काय?"

"बाबा, दवाखाना आहे हा."

"मग हितं देव येत न्हाय काय?" भागोजींनी चपला काढल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं जाहीर मागणं, सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, ही पोर तुज्या भरवशावर त्या खुर्चीत बसलीय. तिची दाढ बिनघोर निभाव म्हाराजा."

गाऱ्हाणं सुरू झालं की कोकणातला माणूस गप्प बसू शकत नाही. बाकावरचे सहाही पेशंट सुजलेले गाल सावरत म्हणाले, "व्हय म्हाराजा." पडद्याआडून सर्वांत खणखणीत आवाज आला तो डॉक्टर अक्षयांचा. त्याही कोकणातल्याच, पाली गावच्या.

एवढी साथ मिळाल्यावर भागोजींच्या अंगात वारं शिरलं. "पोर सुखरूप उठली, तर पुढल्या शिमग्यापर्यंत ती कुर्लीला..."

पुढचं ऐकायला ईशा थांबलीच नाही. ओठ बधिर, दाढेभोवती रबर, तोंडात नळी. त्यातून जेवढा काढता आला तेवढा आवाज तिने काढला. "आँ. आँऽऽ."

"कळ आली तिला," भागोजी दचकले. "देवाला येवढं पुरं पडलं न्हाय." त्यांनी घाईघाईने नवस वाढवला. "एकट्या पोरीचं नको म्हाराजा. हितं जो जो व्हय म्हणेल, तो तो पुढल्या शिमग्यापर्यंत कुर्ली खाणार न्हाय म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, डॉक्टरबाईंसकट. मग आपण कशाला व्हय म्हटलं ते एकेकाच्या ध्यानात आलं.

"भागोजी," बाकाच्या कोपऱ्यातून त्यांच्या ओळखीचा भिकाजी गाल धरून म्हणाला, "मी कुर्ल्याच विकतो रे."

"विक की. खायची न्हाय."

"आनि गोड लागतात म्हणून गिऱ्हाईकाला कुनाच्या तोंडानं सांगू?"

तासाभराने ईशा खुर्चीतून उठली. काही म्हणजे काही दुखलं नव्हतं, त्यामुळे नवस लागू झाला.

संध्याकाळी ओठ ताळ्यावर आला तशी ईशा ताट घेऊन बसली. आजोबांनी घसा खाकरला. "बाय, आपून बोललोय देवाला."

"जो व्हय म्हणेल तो, असंच ना आजोबा?" ईशा म्हणाली. "माझ्या तोंडात रबर होतं. मी म्हटलंच नाही."

भागोजींनी सगळं गाऱ्हाणं मनात पुन्हा म्हणून पाहिलं. पोर त्यात कुठंच अडकेना. "तेजस्वी, तू?"

"म्हटलं ना. सवयीने गेलं तोंडातून."

तेवढ्यात डॉक्टर अक्षयांचा फोन आला. ईशाची दाढ ठणकत नाही हे ऐकून त्यांना बरं वाटलं, मग त्यांनी आजोबांना फोन मागितला. "काका, आमच्याकडे आज कुर्ल्याच आहेत. डॉक्टरांना काही सूट असते का हो?"

"न्हाय बाय," भागोजी गंभीरपणे म्हणाले. "सगळ्यात मोठ्यानं तुमीच म्हणालात."

फोन ठेवून त्यांनी आपली वाटी नातीपुढे सरकवली. खलबत्ता ओढला, एक मोठा डेंगा बेताने फोडला आणि आतला पांढरा गर अख्खा काढून तिच्या भातावर ठेवला. बोटांना सार लागलं होतं. त्यांनी बोटं नाकाशी नेली, जरा वेळ तशीच धरली आणि हात धुवायला उठले.